सुटा तिरंदाज

शनिवार, ८ नोव्हेंबर. बेळ्ळंदूर, बंगळूर

आमच्या शनिवारच्या खेळात शेजारच्या अण्णांना टेबलावर मांडायला पंधराव्या शतकातल्याच लढाया हव्यात. चिलखती घोडेस्वार, लांब धनुष्यांचे तिरंदाज, सगळे बोटाएवढे. मला आवडतात ते खेळाचे नियम, ज्यांत प्रत्येक शिपाई सुटा सरकवायचा. पण अण्णांचा हात हल्ली थरथरतो. गेल्या शनिवारी एक तिरंदाज उचलताना त्यांच्याकडून अख्खी रांग आडवी झाली आणि ते एकटेच हसले. ते हसणं काही डोक्यातून जात नाही.

म्हणून आज मीच म्हटलं, "अण्णा, दुसरे नियम घेऊ. अख्खी तुकडी एका पट्टीवर चिकटवायची आणि पट्टीच सरकवायची. ऑफिसातून दमून येते हो, एकेक शिपाई हलवायचा कंटाळा येतो."

साफ खोटं. पटलं असेल? "सरी, चालेल," अण्णा त्यांच्या बेळगावी सुरात म्हणाले, "तुझ्यासाठी म्हणून घेऊया की."

मी चिकटवायला बसले. शेवटी तोच तिरंदाज उरला. अण्णांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"ह्याला सुटाच ठेव. गेल्या वेळी मी एकटाच हसलो. आता पडला तर तू पण हस की गं."