पंधराची की सोळाची

प्रिय निवू,

तिथे सकाळ होऊन तुझा चहा झाला असेल असं धरून लिहिते. त्या रविवारी तुझा फोन मध्येच बंद झाला आणि पुढचे रविवार ‘आई, कामात आहे’ एवढ्या एका ओळीवर गेले. गाडीला बर्फाचे टायर घ्यायचे, त्यांच्यासाठी वेगळ्या रिमही घ्यायच्या, तर त्या पंधरा इंची घ्याव्यात की सोळा इंची, हा तुझा प्रश्न तसाच राहिला. तिकडे आता कधीही बर्फ पडेल आणि तुला तर उजाडायच्या आत ड्यूटीला हॉस्पिटल गाठायचं असतं. म्हणून मी उत्तर शोधलंय. फोनवर मला ते नीट सांगता आलं नसतं. वरच्या खोलीतली नीलम या पानांचे फोटो काढून तुला पाठवील. मोठं करून वाच.

सुरुवात आपल्याच गाडीपासून केली. बाबांच्या मागे ती अंगणात झाकून उभी आहे. विक म्हणणारे येतात, चहा पिऊन जातात. कापड वर करून टायरवरचे आकडे वाचायला बसले, तर काळ्यावर काळं, काहीच दिसेना. मग चिमटीने रांगोळी घेतली आणि अक्षरांत भरली. लख्ख उमटलं: १८५/६५ आर १५. नीलम जिन्यावरून म्हणाली, “काकू, आज टायरची पूजा हाय का?” मी म्हटलं, “हो, प्रसादाला थांब.” त्यातला पंधराचा आकडा रिमचा, हे मला ठाऊक होतं. एकशे पंच्याऐंशी ही मिलिमीटरमधली रुंदी. पासष्ट म्हणजे रिमच्या वरच्या रबराची उंची, तीही मिलिमीटरमध्येच, असं मी धरून चालले. शिवणाची टेप लावली तर बारा सेंटिमीटर भरली. दोन दिवस चुकतंय कुठे ते कळेना. मग मोबाइलवर वाचता वाचता उलगडलं की ते पासष्ट म्हणजे टक्के आहेत, रुंदीचे. कागदावर गुणाकार केला आणि बरोबर बारा आलं. इतकं हसू आलं मला, आणि सांगायला घरात कोणी नव्हतं.

मग जिंतूर रोडला धम्मानंदच्या दुकानात गेले. आपल्या गाडीचं काम तोच करायचा. बर्फाच्या टायरचं विचारलं तर म्हणाला, “काकू, परभनीत बर्फ रसवंतीवर मिळंल. त्याचे टायर कोन इचारायलंय?” तुझं नाव सांगितलं तेव्हा म्हणाला, “लय लांब दिली की हो लेक!” मी म्हटलं, “दिली न्हाई, गेली.” तुझ्या गाडीचा आकडा २०५/५५ आर १६, तो मी पाठच करून गेले होते. त्याने त्या मापाचा टायर काढला आणि शेजारी १९५/६५ आर १५ उभा केला. दोघांच्या डोक्यावर लाकडी पट्टी आडवी ठेवली. उंची जवळजवळ सारखीच! रिम एका इंचाने लहान झाली की रबराची भिंत तेवढी उंच घ्यायची, म्हणजे बाहेरून चाक तेवढंच राहतं आणि वेगाचा काटाही खोटं बोलत नाही.

पण रुंद टायर, म्हणजे सोळाचा, रस्ता जास्त धरून ठेवील, असं मला आपलं वाटत होतं. माझं वाचन त्याच्या उलट सांगत होतं. तुझा बर्फ मी पाहिलेला नाही, पण पेडगावच्या रानातला चिखल पाहिलाय. पावसानंतर ट्रॉलीची रुंद चाकं वरच्या वर घसरत राहायची, आणि आमच्या दादांची बैलगाडी अरुंद लोखंडी धावेवर चिखल कापत खालच्या मुरमाला जाऊन टेकायची. बर्फातही तसंच म्हणे. शिवाय उंच रबर खड्ड्याचा दणका सोसतं, आणि लहान रिम स्वस्तही पडते.

आता घेताना काय बघायचं ते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर किंवा गाडीच्या पुस्तकात हे माप चालतं असं लिहिलंय का ते वाच. आतला ब्रेक मोठा असला तर पंधराची रिम बसायचीच नाही, म्हणून दुकानात आधी एक चाक चढवून, हाताने फिरवून दाखवायला सांग. बोल्टची भोकं जुळली पाहिजेत. टायरवर डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल, ही खूण हवी. ते रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतं, साधं रबर लाकडासारखं होतं. आणि दुकानदार म्हणेल, पुढचे दोनच घ्या, चालतंय. चालत नाही. पुढची चाकं धरतात आणि मागची घसरून गाडीच फिरते.

बाबा कुणाच्याही गाडीत बसायच्या आधी टायर अंगठ्याने दाबून बघायचे, आठवतं? पाथरीच्या जीपवाल्याने एकदा विचारलं होतं, “गुरुजी, बसायलाव का इकत घ्यायलाव?” मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. परवा पाथरीला निघाले, जीप भरत आली होती, बायका आत सरकून जागा देत होत्या, आणि मी बाहेर वाकून टायर दाबत होते. जीपवाल्यानेही थट्टा केली नाही. तेच जरा लागलं.

निवू, तू फोन का ठेवलास ते मला माहीत आहे. तू म्हणालीस, “आई, बाबांना विचार ना, पंधराची घेऊ की सोळाची?” आणि लगेच फोन बंद झाला. तू लाजू नकोस, आणि मला त्रास झाला असेल म्हणून फोन चुकवू नकोस. ते गेल्यापासून या घरात येणारा जो तो आवाज खाली आणून ‘गुरुजी असे होते, तसे होते’ म्हणतो. तू त्यांना काम सांगितलंस. इतक्या दिवसांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं गं. मला किती बरं वाटलं, ते तोंडाने सांगता आलं नसतं, म्हणून ही पानं. यापुढेही विचारत जा. येत्या रविवारी फोन कर. आणि त्यांना विचारलं मी. ब्रेकला लागत नसेल तर पंधराची घे, म्हणतात. चारही.

तुझीच,
आई