माणसं किती, भिंती किती

४ मार्च

पुन्हा गेलं! सगळ्या खोल्यांतून एकदमच आरोळ्या. लेक – ‘आई, नेट!’ सासूबाई – ‘अगं, माझी बहीण आ वासून थांबली बघ पडद्यावर!’ नवरा – ‘बंद करून चालू करा.’ करा म्हणजे मी करायचं.

राउटर शोकेसमध्ये, काचेमागे, आणि वरून सासूबाईंनी विणलेली टोपी. धूळ बसते म्हणून! या घरात टीव्हीला, मिक्सरला, फोनला, सगळ्यांना कपडे आहेत. टोपी काढली तर डबा इस्त्रीसारखा तापलेला. टोपी कपाटात ठेवून दिली. संध्याकाळी पाहते तर पुन्हा चढवलेली.

मागच्या खोलीतून मात्र आवाज आला नाही. तिथे नणंद असते. तिचंही गेलंच असणार. ती ओरडत नाही.

५ मार्च

नणंदेला घरात सगळेच आत्या म्हणतात, मीही. जानेवारीत दोन बॅगा घेऊन आली. ‘थोडे दिवस राहते, दादा.’ नवऱ्याकडे परत जायचं नाही एवढंच सांगितलं. का, ते नाही. कुणी विचारलंही नाही. सासूबाईंनी मागची खोली झाडून दिली आणि विषय संपला. संपला कसला – भिजत पडला.

आता तिला काम मिळालंय. मुलांना ऑनलाइन गणित शिकवायचं, संध्याकाळी. हा महिना तिला पारखून बघणार, मग पक्कं करणार. त्यांची एक पर्यवेक्षक बाई न सांगता मध्येच वर्गात येऊन बसते म्हणे. चित्र अडकलं, आवाज तुटला, की शेरा. मागच्या खोलीत रेंज धड टिकत नाही, म्हणून आत्या जिन्यात बसून शिकवते. वरच्या मजल्यावरचे चपला वाजवत जातात. ही ‘हातचा एक’ म्हणता म्हणता पाय आवरून घेते.

काम पक्कं झालं तर तिला परत जावं लागणार नाही. नाही झालं तर – तिकडचा फोन रोज येतोच आहे.

८ मार्च

नवीन राउटर घ्यायचं ठरलं. कारण काल मॅच ऐन रंगात असताना अडकली.

९ मार्च

नवरा अभ्यासाला बसलाय. दोन दिवस एकच – हा बँड, तो बँड, एवढा वेग, तेवढा वेग. कॉलेजात असा बसला असता तर आज आम्ही कुठे असतो! एक आठ अँटेनांचा पसंत पडलाय. उताणा पडलेला कोळी दिसतो तो. लेक म्हणाली, ‘बाबा, अँटेना मोजून घेत नाहीत.’ मग काय मोजून घेतात, यावर जेवण होईपर्यंत वाद. सासूबाईंची एकच अट – दिवे लुकलुकणारा नको, रात्री भीती वाटते.

आत्या वाढत होती. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. वादाच्या आवाजात लक्षात आलं नाही असं म्हणता येईल, पण माझं कामच आवाज ऐकायचं आहे. लोक पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात, त्यातले खोकले, श्वास, आवंढे मी कापते. कोण कुठे थांबलं ते मला कळतं. ती दोनदा बोलायला थांबली होती.

११ मार्च

दुकानात गेलो. काउंटरवरची बाई हुशार. कोळ्याकडे बोट दाखवणाऱ्या माझ्या नवऱ्याला तिने आधी घर विचारलं. ‘खोल्या किती? भिंती किती? जाड आहेत की पातळ? माणसं किती?’

‘चार,’ नवरा म्हणाला.

‘पाच,’ मी.

‘चार गं. आत्या काय, थोडे दिवस.’

बाईने दोघांकडे पाहिलं आणि मधला मार्ग काढला. ‘यात पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क करता येतं, साहेब. घरच्यांचं घरच्यांना.’ नवरा एकदम खूश. मी विचारलं, मागच्या खोलीचं काय? ती म्हणाली, एका डब्याने होणार नाही, मध्ये दोन भिंती आहेत. जोडीचा घ्या – मोठा पुढे, छोटा मागे, एकमेकांशी बोलतात. आणि उंच ठेवा, उघड्यावर ठेवा, काचेत कोंडू नका. मी टोपीबद्दल बोलले नाही. घरची अब्रू!

शेवटी जोडीचा घेतला. आत्यासाठी नाही – मागच्या गॅलरीत मॅच दिसेल म्हणून. असो. कारण कुठलं का असेना.

१२ मार्च

बसवला. नवरा स्टुलावर, लेक खालून सूचना देतेय, सासूबाई ‘पडशील रे’ म्हणतायत. छोटा डबा मागच्या खोलीत, आत्याच्या उशाशी. तिने आधीच तिथलं टेबल पुसून ठेवलं होतं. दोनदा पुसलं असणार, ओलं होतं.

मग दरबार भरला. एकेकाने आपापलं यंत्र आणायचं आणि नवऱ्याने जोडून द्यायचं. पासवर्ड कुणाला सांगणार नाही म्हणे, तुम्ही गावभर वाटाल. ‘कामाचे लॅपटॉप आधी आणा.’ आत्याचा आणि माझा दिला. मग लेकीचा, मग सासूबाईंचा टॅब. ते झाल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. घर बांधून घेतल्यासारखा!

सासूबाईंची बहीण आज तोंड उघडून बोलली आणि मिटलंही.

१५ मार्च

लेक खूश. नवरा खूश. सासूबाई एकाच वेळी मालिका बघतात आणि बहिणीला ती सांगतात.

आत्या दार लावून शिकवते. जिना सुटला.

१७ मार्च

स्टुडिओला पाठवायची फाइल सकाळी लावली, दुपारी भाजी निवडून झाली तरी जातेच आहे. नवऱ्याला म्हटलं. ‘तुमच्या स्टुडिओने दिलेला लॅपटॉप म्हणजे म्युझियममधला तुकडा. राउटर काय करणार?’ असेल. कामाचं यंत्र लोक जुनंच देतात.

१९ मार्च

आत्याचा वर्ग आज दोनदा अडकला. दारातून पाहिलं – पडद्यावर रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या आणि एक मुलगा पेन्सिल तोंडात घालून गोठलेला. ती त्याच्याशी बोलत राहिली. ‘ऐकू येतंय का? ऐकू येतंय का रे?’ आवाज अगदी शांत. मी असते तर टेबल उलटवलं असतं.

नेमकी पर्यवेक्षक बाई होती. शेरा.

‘राउटर बदलला तरी?’ मी जेवताना म्हटलं. नवरा दुखावला. ‘बाकी कुणाची तक्रार आहे?’ लेकीने मान हलवली. सासूबाईंनी हलवली. माझी फाइल माझ्या डोक्यात आली, पण म्युझियमचा तुकडा आठवला. नाही म्हटलं.

२० मार्च

आत्याने स्वतःच शोध लावला – संध्याकाळी लेक खेळायला बसली आणि मॅच सुरू झाली की तिचं अडकतं. मला म्हणाली, ‘वहिनी, दादाला नका सांगू हं. त्याला वाटेल मी मॅच बंद करायला लावतेय.’ मग काय करणार? ‘बघते. जिन्यात मोबाईलवर होईल.’

म्हणजे पुन्हा जिना.

२१ मार्च

दुसरा शेरा. तिसरा आला की काम गेलं, असं लेखी कळवलंय.

दुपारी तिकडून फोन होता. ती स्वयंपाकघरात, फोन ओट्यावर, हात पिठात म्हणून स्पीकरवर. मी दाराशी होते, सगळं ऐकलं. ‘झालं का शिकवण्याचं खूळ? भावाला किती दिवस भार होणार आहेस? मी आणायला येतो रविवारी.’ बोलणं मऊ, सायीसारखं. धमकीचा एक शब्द नाही. मला अशा आवाजातला श्वास कापायची सवय आहे, तरी अंगावर काटा आला. आत्या पीठ मळत राहिली. ते केव्हाच मळून झालं होतं.

मला तिचं वाईट वाटलं. नुसतं वाईट वाटून घ्यायचा मला कंटाळाही आला.

२२ मार्च

आज सोक्षमोक्ष. जेवायला सगळे असताना नवऱ्याला म्हटलं, ते राउटरचं अ‍ॅप उघड. त्याने कौतुकाने उघडलं. ‘बघा, सगळं हिरवं. घरात एकाचंही अडलेलं नाही.’

‘आत्याचं दाखव.’

‘ती यात नाही दिसणार. ती पाहुण्यांच्यात आहे.’

मला आधी कळलंच नाही. मग त्यानेच समजावलं, शिकवण्याच्या सुरात. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं. घरच्यांना आधी, त्यांचं भागून उरेल ते पाहुण्यांना. ‘बाहेरून आलेलं यंत्र आहे, व्हायरस-बियरस असतात. कामाची यंत्रं वेगळी ठेवावीत असं सगळे सांगतात. आणि थोड्या दिवसांचाच तर प्रश्न होता.’

सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. ‘माझी मुलगी माझ्या घरात पाहुणी?’

‘आई, ते नुसतं नाव असतं गं त्याचं!’

‘मग तुझं टाक त्यात.’

लेक हसली आणि लगेच गप्प झाली. आत्याच म्हणाली, ‘असू दे आई. दादाचं काय चुकलं? थोडे दिवस मीच म्हटलं होतं.’ हे ती खरंच म्हणाली, टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मला राग आला. ताटावरून उठून तिचा लॅपटॉप आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. ‘आत्ता.’ त्याने अंगठ्याने दोन-तीनदा दाबलं. झालं! आमटी वाढून होण्याच्या आत आत्या पाहुण्यांतून घरात आली. एवढंसं काम. एवढ्याशा कामासाठी ती जिन्यात बसली, दोन शेरे खाल्ले, आणि तो सायीसारखा आवाज ऐकला.

नवरा वाईट माणूस नाही. हे मी इथे लिहून ठेवते, कारण आज तसं वाटत नाहीये. तो विचारच करत नाही, एवढंच. राउटर घेताना चार दिवस विचार केला. माणसं जोडताना नाही.

२४ मार्च

रविवार. तिचा नवरा आला. नवीन शर्ट, हातात मिठाईचा पुडा. बैठकीत बसून माझ्या नवऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा. आत्या आत वर्गात होती, रविवारीही घेते आता. दाराआडून तिचा आवाज – ‘शाब्बास! आता हेच उलट करून बघ.’ एकदाही तुटला नाही. तो तासभर ऐकत बसला. वर्ग संपल्यावर ती बाहेर आली, चहा दिला, म्हणाली, ‘मी येत नाहीये.’ बस्स. त्याने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, ‘ती इथेच राहील. तिचं घर आहे.’

म्हणाला खरा! मी चमच्यासकट थांबले. त्या दिवशीचं लागलं असावं.

३१ मार्च

पक्की झाली! लेकीने उचलून घेतलं तिला, म्हणजे उचलायचा प्रयत्न केला. सासूबाई रडल्या. नवरा मित्राला फोनवर सांगत होता, ‘राउटर चांगला असला की फरक पडतोच.’ हसू आलं. कीव नाही, नुसतं हसू.

९ एप्रिल

आत्या जातेय. दोन गल्ल्या पलीकडे खोली घेतलीय. सगळ्यांनी राहा म्हटलं, नवऱ्याने तर दोनदा. ती हसून म्हणाली, ‘जवळच तर आहे, दादा.’ बॅगा भरताना मला एकटीला म्हणाली, ‘रागावून नाही जात, वहिनी. एकदा ते नाव कळलं ना, की मग कपाटात साडी ठेवतानासुद्धा विचारावंसं वाटतं.’

साड्यांच्या घड्या घालून दिल्या.

११ एप्रिल

तिच्याकडे जाऊन आले. एक खोली, एक खिडकी, खिडकीशी टेबल. राउटर भिंतीवर उंच, उघड्यावर. साधा, दोन अँटेनांचा. ‘एकही भिंत नाही मध्ये, वहिनी. कशाला मोठा?’ सासूबाईंनी विणून दिलेली टोपी मात्र शेजारी खिळ्याला टांगलीय. आईचं मनही राखलं, डबाही वाचला.

पाहुण्यांचं वेगळं केलंय का, विचारलं. नाही म्हणाली. पासवर्ड न मागता सांगितला.

१२ एप्रिल

सकाळी चहा घेता घेता नवऱ्याने अ‍ॅप उघडलं. ‘आता पाहुणं कुणी नाही,’ म्हणाला, आणि ते नेटवर्क बंद करून टाकलं.

आतल्या खोलीत माझी फाइल जात होती. थांबली. नेट गेलं. बाकी सगळ्यांचं चालू होतं.

मी ओरडले नाही.