घर बाईंच्या नावे, मुलासाठी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त मुद्रितशोधक, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस न पाडता हे लिहून ठेवत आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात पुतण्याचं नाव होतं, आणि त्याने माझ्या हयातीतच येऊन खोल्यांची मापं घेतली.

१. बँकेतली ठेव माझ्या मुलाला. तो बेचाळीस वर्षांचा आहे, समज सात वर्षांची. कायद्याने मुलाला द्यावाच लागणारा राखीव हिस्सा यात भरून निघतो. वकिलांनी तपासलं आहे. ठेव कोर्टाने नेमलेला पालक सांभाळील.

२. राहतं घर बाईंना, पूर्ण मालकीने.

बाई म्हणजे माझ्या दिवंगत नवऱ्याच्या सहलेखिका. दोघं अकरा वर्षं आमच्याकडे बसून एकच पुस्तक लिहीत होते: समुद्रापलीकडच्या कायद्यात एका घराला दोन धनी असू शकतात, एक नावाचा, एक उपभोगाचा. नावाच्या धन्याला ते विश्वस्त म्हणतात. तो चुकला तर कोर्ट त्याचा कान धरतं. आपल्याकडच्या नागरी संहितेत मात्र मालक एकच, त्याला विचारणारं कोणी नाही. मी चहा केला, प्रुफं तपासली. प्रस्तावनेत बाईंना दीड पान, मला ‘मुद्रणदोष टाळल्याबद्दल’ अर्धी ओळ.

त्या दोघांत काही होतं का? नव्हतं. असतं तर निदान भांडता आलं असतं.

नवरा गेला, तरी बाई दर गुरुवारी येतात, मुलासाठी. बुधवारपासूनच तो दाराशी खुर्ची ओढून बसतो. मी बाहेरून आले तर मान वर करत नाही.

गेल्या खेपेला मी बाईंना म्हटलं, "घर तुमच्या नावे करतेय. तो आहे तोवर त्याला इथेच राहू द्या."

"अहो, उद्या मी ते विकलं तर त्याला कोर्टात काही करता येणार नाही."

"ठाऊक आहे. तुमचंच चौथं प्रकरण. प्रुफं मीच वाचलीत."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "नाही विकणार."

लेखी घेतलेलं नाही. घेऊन उपयोगही नव्हता.

३. पुस्तकाच्या उरलेल्या प्रती ग्रंथालयाला. पान २१२ वर बाईंच्या नावात एक वेलांटी चुकली आहे. ती मला तेव्हाच दिसली होती. दुरुस्त करू नये.

४. अंत्यविधीला मुलगा बाईंचा हात धरून बसेल. त्याला उठवून माझ्या माहेरच्यांत बसवू नये. मला ते पाहावं लागणार नाही, तेवढं बरं.

साक्षीदार: शेजारचे घड्याळजी (सही), वरच्या मजल्यावरील परिचारिका (सही). बाईंना लाभ असल्याने साक्षीला घेतलेलं नाही. त्या आत मुलाची नखं कापत आहेत. मला तो कापू देत नाही.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ एप्रिल, गुरुवार
(सही) मुलाची आई