आमदारांच्या फोनचा अर्थ

प्रिय आप्पा,

तुमची आमदारकी माझ्या गळ्यात पडल्यापासून तुमच्याशी निवांत बोलायला सवडच झाली नाही. आज मात्र लिहायला बसले, कारण दुपारी पिरंगुटच्या चौकात लोकांनी माझं कौतुक केलं. "ताई, फोन लावून भाच्याला सोडवलं तुमी. आता खऱ्या आमदार झालात," म्हणाले. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

काय झालं ते सांगते. आक्काचा ओंकार, तुमचा लाडका नातू, काल सकाळी लवळ्याच्या टेकडीवर गांजा ओढताना सापडला. बरोबर त्याचा मित्र होता, उरवड्याचा संदीप, कारखान्यात कामाला जातो तो. पोलिसांनी दोघांना एकाच गाडीतून ठाण्यात नेलं.

आक्का भुकूमहून होती तशी धावत आली. "एक फोन कर," म्हणाली. मी नाही म्हटलं तशी रडायला लागली. "आप्पा असते तर नातवासाठी केलाच असता की गं!"

केला असतात का, आप्पा? मला खरंच माहीत नाही. सभागृहात तुम्ही जन्मभर एकच सांगत आलात: विकणाऱ्याला पकडा, ओढणाऱ्याला आधी डॉक्टरकडे न्या आणि कोठडीत कुणालाच मारू नका. कायदाच असा करा की आमदाराच्या फोनची गरज पडू नये. त्यापायी विरोधकांनी तुम्हाला गांजावाले आमदार म्हटलं. तुम्ही बोलायला उठलात की आपल्याच पक्षातले लोक चहाला बाहेर जायचे. कायदा होता तिथेच राहिला. तुम्ही मात्र कुणाला सोडवायला कधी फोन केला नाही.

पण आपल्या घरातलं कुणी कधी सापडलंही नव्हतं ना? ही परीक्षा तुम्ही माझ्यासाठी ठेवून गेलात, याचा थोडा रागच येतो.

शेवटी मी फोन लावला. सोडवायला नाही, तुमचेच शब्द वापरले. "कायद्यानं काय ते करा, फक्त मुलांना हात लावू नका." ठाण्यातले साहेब म्हणाले, "समजलं, मॅडम."

मला वाटलं, खरंच समजलं. काल संध्याकाळी बघते तर ओंकार घरी! कागदावर त्याचं नावच नाही, गांजाची पुडी एकट्या संदीपची ठरलेली आणि तो कोठडीत. मी पुन्हा फोन केला, तर साहेबच बुचकळ्यात पडले. "मॅडम, सगळे आमदार असंच बोलतात. सोडा असं तोंडानं कोण म्हणतं? अर्थ आम्हीच लावायचा असतो."

तुम्ही फोन न करता स्वतः ठाण्यात का जायचात, बाकावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं का बोलायचात, ते तेव्हा कळलं. आम्ही घरात हसायचो, एवढ्याशा कामाला एवढी पायपीट कशाला म्हणून. कधी समजावून सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?

आज सकाळी संदीपची आई आली. मला वाटलं भांडेल, शिव्या देईल. ती पायरीवर टेकली आणि म्हणाली, "ताई, तुमचा भाचा आला, लई बरं झालं. माज्या संदीपसाठी बी तसाच एक फोन लावा. तुमी लावला की सोडत्यात, आता कळलंया समद्यांना."

तिला कायदा बदलून नकोय, आप्पा. तिला फोन हवाय. मी तिला काय सांगायचं, की मी तशातली नाही?

दमले मी. दिवसभर मनात येत होतं, लावावा अजून एक फोन. संदीप सुटेल, आक्का खूश राहील, लोक नाव काढतील. मग मुंबईला जाऊन पोलिसांवर आणि कायद्यावर तुमचंच भाषण पुन्हा ठोकावं. कोण विचारणार आहे?

संध्याकाळी भुकूमला गेले. ओंकार खाली मान घालून बसला होता. मला बघून म्हणाला, "मावशी, पुडी माझी होती. संदीपनं नुसती ओढली."

"हे ठाण्यात येऊन सांगशील?" मी विचारलं. त्यानं आईकडे पाहिलं आणि हो म्हणाला. आक्का उठून आत गेली. "तू माझी बहीण न्हाईस," एवढंच आतून ऐकू आलं. दार तिनं लावून घेतलं होतं.

तर आप्पा, उद्या सकाळी ओंकारला घेऊन मी ठाण्यात जाणार आहे. तो सांगेल ते लिहून घेईपर्यंत तिथून उठणार नाही. दोघांना आधी डॉक्टरकडे पाठवा, हे कोर्टात मागेन, मग सभागृहात मागेन, तेही त्यातला एक माझाच भाचा आहे हे सांगून. मिळेलच असं नाही. वाटेत आक्काचा फोन येईल, रडेल. मी तो उचलेन, तिचं सगळं ऐकून घेईन. पण गाडी वळवणार नाही, एवढं वचन देते.

तुमची दमलेली,
नंदा