माझ्यापुरतं होतं ते पान

सांगते आबा, सांगते. जरा दम धरा. पोरगा तुमच्याशी का बोलत नाही, हे तुम्ही विचारलंत त्याला तेरा वर्षं झाली, आता एवढ्यात मी कुठे पळून जाते? त्याच ओसरीवर बसले आहे, तुमची खाट होती तिथे. शेवटच्या दुखण्यात माझ्या हातून पेज घेता घेता तुम्ही म्हणालात, "पोऱ्या मनासंगे बोलत नै. मनं काय चुकनं वं माय?" मी म्हटलं, पेज निवतेय, आधी प्या. तुम्ही गुमान प्यायलात. सासरे म्हणून तुम्ही फार आज्ञाधारक होतात, हे तेव्हा तोंडावर म्हणायची सोय नव्हती.

तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मुंबईहून येणारी तुमच्या चिरंजीवांची पत्रं वाचायचं काम माझ्याकडे आलं. पोस्टमास्तरांनी वाचून दाखवली असती, पण घरचा कागद घराबाहेर जाऊ नये असा तुमचा हट्ट. मी गावच्या शाळेत चौथी शिकलेली, लग्नाला दोन वर्षं झालेली. सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं नाही, म्हणून मी माजघराच्या दाराआड पदर घेऊन, आणि तुम्ही बाहेर दाराकडे कान करून. नवऱ्याचं पत्र बायकोनं सासऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं, त्यात काय फजिती असते ते तुम्हालाही कळायचं. मी अडखळले की तुम्ही खाकरायचात. "तुनापुरतं जे शे ते मनमा वाच," म्हणायचात, आणि तोंड फिरवून अडकित्त्यानं सुपारी कातरत बसायचात. किती सभ्यपणा तो. त्या सुपारीच्या आवाजाआड मी काय काय केलं, आबा.

कारण तुमचे चिरंजीव वकिली शिकतच नव्हते. तुम्ही सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं की पोरगा काळा कोट घालून येणार. ते तिकडे भाषाशास्त्र शिकत होते, आणि त्याच्या जोडीला युरोपातल्या लोकांची चित्रं, नाटकं, देवळं. हे फक्त मला लिहिलं होतं, आणि खाली एक ओळ, 'आबांना तू सांभाळ.' सांभाळलं. एकदा त्यांनी लिहिलं की संस्कृत आणि लॅटिन या एकाच आईच्या लेकी आहेत, आई मात्र आता कुठे सापडत नाही. मी ते पान हातात धरून वाचते, 'आज कोर्टात दोन बहिणींचा मुकदमा चालला. आई वारलेली. थोरली म्हणते, सगळं माझं.' बाहेर अडकित्ता थांबतो. "धाकलीले बी बराबर भेटनं का?" भेटलं, मी म्हणते, साहेबांनी दोघींना सारखं दिलं. दुसऱ्या एका पत्रात कपडे न घातलेल्या दगडी पुतळ्यांवर दोन पानं होती, त्यांचा मी परटावरचा खटला केला. तुम्ही हे निवाडे कापसाच्या जिनाच्या फाटकापाशी बसून लोकांना ऐकवायचात. भावानं घराबाहेर काढलेली एक बाई तुम्ही ऐकवलेल्या त्या दोन बहिणींच्या निवाड्यावर भांडून माहेरी एक खोली मिळवून बसली. ती अजून संक्रांतीला मला तिळगूळ आणून देते. तिची खोली लॅटिनमुळे मिळाली आहे, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?

माझ्यापुरतंही खरंच थोडं असायचं. 'त म्हण आणि जीभ कुठे लागते बघ. आता ट म्हण. कुठे गेली?' मी चुलीपाशी कळण्याच्या भाकरी थापत त, ट, त, ट करत बसायची, आणि तुम्ही बाहेरून विचारायचात, "घोडा हाकी राह्यनी का वं?" तीच माझी युनिव्हर्सिटी. प्रत्येक पत्रात त्यांचं जग एकेक मुलूख पुढे सरकायचं आणि माझं मागच्या दारापासून विहिरीपर्यंत. धरणगावच्या स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिटी चुलीपर्यंत ऐकू येते. त्या गाडीत मी एकदाच बसले होते, इथे यायला.

मग ते जाड पाकीट आलं. प्रोफेसरांनी त्यांच्यासाठी जर्मनीत शिकायची सोय केली होती, तीन वर्षांची. 'आता आबांना खरं सांग,' असं लिहिलं होतं. 'मी वकील होणार नाही हेही सांग. त्यांचा शब्द शेवटचा. नाही म्हणाले तर परत येतो, आणि हा विषय पुन्हा जन्मात काढणार नाही.' मी अडखळले. तुम्ही खाकरलात, तोंड फिरवलंत. मी ते पान माझ्यापुरतं करून टाकलं, आणि उत्तरात लिहिलं, 'आबा नाही म्हणतात.'

ते ट्रंक घेऊन परत आले. तुम्हाला मी सांगितलं, वकिलीत नापास झाले. इथल्याच शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, आणि तुमच्याशी एक शब्द नाही. सहा वर्षं. तुमच्यात अंतर चार हातांचं, आणि बोलणं सगळं माझ्या तोंडून. "आबांना सांग, ताट वाढलंय." "त्याले सांग, छत्री लई जा." मी तीन वर्षं एकटी राहायला नको म्हणून त्यांना परत आणलं, आणि तिघं मिळून कोंडून बसलो. निदान आधी पत्रं तरी यायची. त, ट तर त्यांनी पुन्हा कधी विचारलंच नाही. तुम्ही मला हळूच म्हणायचात, "नापास व्हयना ते व्हयना. मी काय मारस का त्याले? सांग त्याले." मी आत जायची, माठातलं पाणी प्यायची, बाहेर येऊन म्हणायची, सांगितलं.

तुमच्या तेराव्याला माणसं पांगल्यावर त्यांनी मला विचारलं, "आबा नक्की काय म्हणाले होते?" मी म्हटलं, "नाही म्हणाले. दोनदा." दोनदा कशाला घातलं कोण जाणे. मी खोटंसुद्धा नक्षी काढून बोलते. मग तेही विषमज्वरानं गेले, त्याला पाच वर्षं होतील. आता लढाई चालू आहे, जर्मनीतली गावंच्या गावं जळतात असं पेपरात येतं, आणि मी स्वतःला म्हणते, बघ, वाचवलंस की नाही. पण तेव्हा कुठे लढाई होती?

हा कागद काही पाठवायचा नाही. तिकडे तुम्हाला वाचून दाखवायला तुमचे चिरंजीवच असतील, आणि त्यांच्या तोंडून हा तुम्ही ऐकावा इतकी माझी छाती नाही.

एक मात्र मी त्यांनाही सांगितलं नाही. त्या दिवशी मी ते पान मनात वाचत होते, तुम्हाला काहीच विचारलं नव्हतं, आणि तुम्ही अडकित्ता खाली ठेवून आपणहून बोललात, "त्याले जे शिकनं व्हई ते शिकू दे. कितलं बी दूर जावो." तुम्ही हो म्हणाला होतात, आबा. ते ऐकून मग मी दौत उघडली.