अबोली साडीला मॅचिंग मॉनिटर

३ जून २००७, रविवार
वरच्या मजल्यावरच्या महिपतने एलसीडी मॉनिटर आणला. एकोणीस इंची. रिकामा खोका मुद्दाम जिन्यात ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावा म्हणून. मी वाचला नाही. रेझोल्यूशन १४४० बाय ९००.
अख्खी बिल्डिंग बघून आली. आमची उर्मिलासुद्धा. म्हणाली, कॅलेंडरसारखा पातळ आहे हो. मी म्हटलं, कॅलेंडरवर फोटो एडिट करता येत नाहीत. म्हणाली, तुमच्या जुन्या मॉनिटरच्या डबड्यावर तरी कुठे येतात, सगळी माणसं हिरवट दिसतात.
इथे नोंद करतो : या बिल्डिंगमधल्या लग्नाच्या प्रत्येक मुलीचा स्थळांना पाठवायचा फोटो मी याच डबड्यावर केलाय. एकही क्लास न लावता, निव्वळ हेल्प मेनू वाचून शिकलो. गालांवर मी आणतो ती लाली मीरा रोडच्या एकाही स्टुडिओला जमत नाही.
संकल्प : महिपतचा विचार करायचा नाही.

५ जून
टाकी भरली का पाहायला गच्चीवर गेलो. वाटेत महिपतचं दार उघडं होतं. त्याचा मॉनिटर बाजूने पाहिला की माणसं निगेटिव्हसारखी दिसतात. उर्मिलाला सांगितलं. म्हणाली, बाजूने कोण बघतंय? म्हटलं, मी बघितलं ना.
शिवाय तो मला काका म्हणतो. माझ्याहून फार तर सात वर्षांनी लहान असेल.

९ जून
तळमजल्यावरच्या मनोरमाबाई आल्या. त्यांच्या संचिताला पेणचं स्थळ आलंय, चांगलं आहे, फोटो हवाय. म्हणाल्या, भावजी, वहिनींच्या भाचीला आणली होतीत तशी लाली आणा. मी माऊसला हात घातला. तेवढ्यात म्हणाल्या, महिपतही करतोय. दोघं करा, बरा वाटेल तो पाठवू.
भाजीवाल्याकडे टोमॅटो निवडावेत तसं बोलल्या. मी हसलो. फक्त दातांनी.
निर्णय : नवीन मॉनिटर घ्यायचा. ऑफिसचं एक्सेल, फोटो आणि गेमिंग, तिन्ही जमलं पाहिजे. मी गेम खेळत नाही. पण मॉनिटरचा वेग तपासायला गेममधली गाडी पळवून बघावी लागते.

१० जून, रविवार
सिल्व्हर पार्कमधलं दुकान. पूर्ण तयारीनिशी गेलो. सीडीवर उर्मिलाचा अबोली साडीतला फोटो आणि पिशवीत खुद्द साडी. रंग ताडून बघण्याची ही पद्धत माझी स्वतःची आहे.
तिथल्या गुजराती शेठने विचारलं, "अंकल, मॉनिटर लेना है या मॅचिंग ब्लाउज?" दोन गिऱ्हाईकं हसली. मी त्यांच्यासमोर साडी मॉनिटरला लावली.
पहिला : एक्सेलला उत्तम, साडी केशरी. दुसरा : साडी बरोबर, पण गाडी वळली की मागे शेपटी दिसते. तिसऱ्यावर साडी जशीच्या तशी, शेपटी नाही. वीस इंची. महिपतपेक्षा एक इंच जास्त, पण ते कारण नाही.
शेपटीची खात्री करायला वेळ लागला. शेठने शेवटी दुकानाचे दिवे घालवले.

११ जून
जुनं डबडं भंगारवालाही न्यायला तयार नाही. महिपत म्हणाला, काका, मला द्या, मी शेजारी दुसरा म्हणून लावतो. दिला.
माझं उष्टं त्याच्या टेबलावर. झोप छान लागली.

१४ जून
संचिताचा फोटो पूर्ण. नव्या मॉनिटरवर लाली घालायची गरजच पडली नाही. मुलगी गव्हाळ, फोटो गव्हाळ. कानाजवळचा तीळसुद्धा जागच्या जागी. उर्मिला म्हणाली, ओळखपत्राला छान आहे.
तिला रंगातलं कळत नाही. साडी मात्र अजून धुवून मागतेय, शेठचे हात लागले म्हणून.

१७ जून, रविवार
मनोरमाबाई म्हणाल्या, "भावजी, तुमच्या फोटोत अगदी आमची संचिताच दिसते हो." मी आभार मानणार तोच म्हणाल्या, "म्हणून तर महिपतचा पाठवतोय."
महिपतचा फोटो पाहिला. ती माझी लाली होती. तसूभरसुद्धा फरक नाही. वर जाऊन विचारलं. म्हणाला, "काका, फोटो तुमच्याच जुन्या मॉनिटरवर केला. म्हटलं, एवढ्या मुलींची लग्नं जमवलीत याने, मान द्यायला पाहिजे."
मॉनिटरने जमवली म्हणे.
उर्मिला कांदा चिरता चिरता म्हणाली, "तो मॉनिटर सगळं हिरवं दाखवायचा, म्हणून तुम्ही लाल ओतत बसायचात. लाली कसली, बिघाड होता तो."
तांत्रिक बाबींवर तिच्याशी चर्चा करायची नाही, असा संकल्प केला. महिपतवरचा संकल्पही पुन्हा केला.

२४ जून
पेणकरांचा होकार आला. पेढे आधी वरच्या मजल्यावर गेले, मग खाली आमच्याकडे. आमच्या वाट्याला खोक्याच्या कोपऱ्यात चेपलेला पेढा आला. बाजूच्या विंगमधल्या शुभदाताई मुलीचा फोटो घेऊन जिना चढताना दिसल्या. आमच्या दारापाशी थांबल्या. पदर सारखा केला आणि वर गेल्या.

२६ जून
कलाकाराला हातातलं साधन लागतं. महिपतशी बोलून अदलाबदल केली. जुना मला परत, नवा त्याला. सगळ्या अटी मी घातल्या. तो फक्त "चालेल काका" म्हणाला, आणि जरा घाईने म्हणाला. पाठीत उसण भरली, पण डबडं मीच खाली आणलं.
शुभदाताईंना निरोप दिला, फोटो माझ्याकडे आणा. उत्तर आलं, फोटो झाला, महिपतने लालीचं माप लिहून ठेवलंय, लाल किती वाढवायचा ते.
रात्री डबडं लावून बघितलं. उर्मिलाचा अबोली साडीतला फोटो उघडला. तिने खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "ही शेवाळी साडी मी कधी घेतली?"
वरून गाडी पळवल्याचा आवाज येतोय. दोन-दोन मॉनिटर लावून बसलाय. डोळे खराब होतील त्याचे.