अंगठ्याच्या चालीने

बनी पार्क, जयपूर
२६ ऑक्टोबर २०२५

ती. सुधाकरभाऊजींस,
रत्नप्रभाचा सा. न. वि. वि.

दिवाळी पार पडली. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवर बोटं चालवायला तुम्ही तयार नाही, म्हणून बाकीच्यांना दोन मिनिटांत सांगून झालं ते तुम्हाला कागदावर लिहिते आहे. चूक आमचीच आहे.

पक्षाघातानंतर ह्यांची वाचा गेली, उजवा अंगठा तेवढा हलता राहिला आणि त्या अंगठ्यासाठी तुम्ही बटण करून दिलंत. पडद्यावर एकेक अक्षर उजळत जायचं, हवं ते आलं की हे बटण दाबायचे. इतकी वर्षं आमचं घर त्यावर बोलत होतं. पण कंप्युटर म्हातारा झाला होता, सारखा बंद पडायचा. आपल्या तनयाने लक्ष्मीपूजनाला नवा आणला. साफसफाई चालूच होती, त्यात जुना सोडवला आणि कबाडीवाल्या भैयाला देऊन टाकला. तो उचलून नेत असताना हे सारखं बटण दाबत होते. आम्हाला वाटलं, खूश झालेत. मी नव्याला हळदकुंकू वाहिलं. नको म्हणायला ह्यांच्यापाशी काही उरलंच नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

नव्या कंप्युटरला तुमच्या बटणाची वायर लावायची खाच नाही. दुकानातून जोडवायर आणली, तर तो तिला ओळखत नाही. डोळ्यांवर चालणारं यंत्रही तनयाने आणून पाहिलं, पण ह्यांच्या पापण्या मिटतात. कबाडीवाल्याकडे गेलो तोवर जुन्याचे तुकडे झाले होते. आता एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही, असं ठरवलंय. पण मी विचारीन तेवढ्याचंच उत्तर देता येतं. आपणहून ह्यांना काही म्हणता येत नाही. तुम्हाला महिन्याचं पत्र आलं नाही ते ह्यामुळे.

तनयाला रागावू नका. तिच्या डोळ्याचं पाणी खळत नाही.

प्रज्ञावहिनींना नमस्कार. आमच्यावरची माया अशीच राहू द्यावी.

आपली,
रत्नप्रभा


कराड
३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रत्नप्रभा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. कंप्युटरला हळदकुंकू लावलंस ते ठीक, पण बटण माझं होतं, त्याला कोण लावणार? असो. मुकी घरं मला नवी नाहीत. मी कानांनी गेलो तेव्हापासून आमच्या घरात प्रज्ञाच काय ती बोलते.

तनयाला म्हणावं, बटण शाबूत आहे ना, मग घाबरू नकोस. माझा प्रोग्राम जुन्या वळणाचा. तो कोणाला न विचारता थेट खाचेत हात घालतो, आणि नव्या प्रणाली असं करू देत नाहीत. पण नव्या कंप्युटरच्या पोटात एक जुना कंप्युटर भासवता येतो. त्यात माझा प्रोग्राम बसवायचा. जग बदललंय हे त्याला कळणारही नाही. जोडवायर मात्र चांगल्या चिपची आणा. स्वस्तातल्या वायरींत नकली चिप असते, ती नवी प्रणाली धुडकावते.

प्रोग्रामची फ्लॉपी पेटीत सापडली. तंत्रनिकेतनातल्या माझ्या एका विद्यार्थ्याने ती पेनड्राइव्हवर उतरवून दिली, सोबत पाठवतो आहे. जिना चढताना धाप लागते म्हणून डॉक्टरांनी तपासण्या लावल्या आहेत. नंदूला सांगू नकोस, भावासाठी उगाच झुरेल.

त्याचं पत्र पानभरच असायचं, पण ते लिहायला त्याचा आठवडा जायचा आणि निम्मं पान माझ्या टिंगलीत संपायचं. ह्या महिन्यात माझी कोणी टिंगल केली नाही. फार चुकल्यासारखं होतं.

नंदूच्या डोक्यावरून माझ्यातर्फे हात फिरव.

तुमचा,
सुधाकर


जगतपुरा, जयपूर
१४ नोव्हेंबर २०२५

ती. काकांस,
सा. न.

माझं मराठी तुम्हाला हसवेल, मतलब हसा, पण पूर्ण वाचा. आई म्हणाली तूच लिही, कंप्युटरचं मला सांगता येणार नाही.

तुमचं पार्सल मिळालं. मी जयंती मार्केटमधून चांगली वायर आणली. कंप्युटरने ती ओळखली, पण तिला भलताच नंबर दिला, आणि तुमचा प्रोग्राम फक्त एक नंबर जाणतो. तो बदलला. मग तुमचा तो निळा पडदा उघडला. आईने बाबांचा हात धरला. मला वाटलं, झालं.

पण काका, अक्षरं पळतात. इतकी फास्ट की वाचता येत नाहीत, नुसती चमकतात. बाबांचा अंगठा खाली येईपर्यंत ती कुठल्या कुठे जातात. बाबांना काहीतरी लिहायचं होतं, आलं ‘ढझझ’. त्यांनी पुष्कळ वेळा केलं. मग अंगठा बटणावरून काढला आणि परत ठेवलाच नाही. मी ठेवून दिला, तर त्यांनी पुन्हा काढला.

मला कोणी काही बोलत नाही. आई तर मलाच चहा करून देते. तेच जास्त लागतं.

तुम्ही सांगाल ते करीन. तब्येत कशी आहे? काकूंना प्रणाम. मला विसरू नका.

तुमची,
तनया


कराड
२० नोव्हेंबर २०२५

चि. तनयास,
अनेक आशीर्वाद.

मराठी छान आहे तुझं. माझंच अक्षर वाकडं आलंय, कारण पडून लिहितो आहे. दवाखान्यात ठेवलंय. प्रज्ञा सोबत आहे.

चूक माझी आहे, बाळ. दोन अक्षरांमध्ये थांबायचं म्हणून मी कंप्युटरला आकडे मोजायला लावले होते. जुन्याला ते मोजायला नंदूच्या अंगठ्याला पुरेल इतका वेळ लागायचा. नवा ते केव्हाच मोजून मोकळा होतो. भासवलेल्या कंप्युटरची गती कमी करायची सोय असते, ती शोध. आणि किती कमी करायची ते मला विचारू नकोस, पुस्तकातही पाहू नकोस. नंदूजवळ बस. त्याच्या अंगठ्याकडे बघत गती उतरवत जा, आणि त्याला पहिलं अक्षर पकडता आलं की तिथेच थांब. त्याच्या चालीने चालायला हवं, आपल्या नाही.

नंदूला म्हणावं, दादा पत्राची वाट बघतोय. टिंगलीसकट हवं.

तुझा,
सुधाकरकाका


बनी पार्क, जयपूर
२ डिसेंबर २०२५

ती. प्रज्ञावहिनींस,
रत्नप्रभाचा सा. न.

काय लिहू? भाऊजी गेल्याचं सांगताना फोनवर तुम्ही रडत होतात. माझ्या लग्नात मला पहिल्यांदा हसवलं ते भाऊजींनी. माझ्या नवऱ्याला त्यांनी वाचा दिली. त्यांच्या शेवटच्या दर्शनालाही मला येता आलं नाही, ह्यांना सोडून कशी येणार?

तुमचा फोन आला तेव्हा तनया आतल्या खोलीत ह्यांच्याजवळ बसून गती उतरवत होती. मी फोन ठेवते तोच तिने हाक मारली, आई, चालतंय. मी तोंड पुसून आत गेले. पडद्यावर ह्यांनी लिहिलं होतं, ‘दादाला कळवा.’

वहिनी, ह्यांना बोलता यावं म्हणून मी देवाला काय काय नवस बोलले होते, आणि आता मलाच त्या पडद्याची भीती वाटते. रोज सकाळी हे लिहितात, ‘दादाचं पत्र?’ मी सांगते, टपाल रखडलंय. परवा तर पुसायच्या निमित्ताने मी कंप्युटर बंदच करून ठेवला. तनया संध्याकाळी आली, तिने पाहिलं आणि इतकंच म्हणाली, “आई, एकदा आपण बाबांना न विचारता त्यांचं बोलणं काढून घेतलं. दुसऱ्यांदा नको.”

खरं आहे तिचं. हे पत्र टाकते आणि आज सांगते. मला बळ यावं म्हणून तुम्हीच, ह्या दुःखात असूनही, मला आशीर्वाद द्या.

आपली,
रत्नप्रभा


जयपूर
१५ डिसेंबर २०२५

ती. वहिनींस,
नंदूचा सा. न.

पत्र माझे आहे. बटणाने लिहिले. वेळ लागला.

दादा गेला, रत्नाने सांगितले. फार रडली. ती सांगण्याआधीच मला कळले होते. देवापुढे दिवा लागत नव्हता. घरात सुतक आहे, समजलो. कोणाचे, तेही समजलो.

तरी रोज विचारले, दादाचे पत्र? ती म्हणायची, येईल. ती म्हणेपर्यंत दादा होता.

माझे एक पत्र राहिले. त्याला हवे होते. लिहायला घेतो, ‘दादा’ लिहितो, आणि पुढे अंगठा चालत नाही.

तुम्हाला ऐकू येते. तुम्हाला पत्राची गरज नाही. मला आहे. दर महिन्याला तुम्हाला लिहू का? टिंगल करणार नाही.

हो असेल तर दोन ओळी धाडा. नसेल तरी धाडा. कराडचे पत्र यायला हवे.

तुमचा,
नंदू